माल कुणाचा

कप्तान बार्तोलोने पुन्हा तारीख मागितली आणि न्यायाधीशांनी ती दिली. वकील शिबेरास कागद गुंडाळून उठले. त्यांना आता रागही येत नसे. परवानाधारक चाच्यांविरुद्ध त्यांनी लढवलेले बहुतेक दावे असेच तारखांखाली कुजले होते, आणि दाव्यातला माल त्याच्याही आधी.

बाहेर पायरीवर त्यांचा अशील बसला होता. पांतेली, खिओस बेटावरचा ग्रीक, तिशीतला तरुण. "पुढची तारीख," शिबेरास म्हणाले. त्याने मान हलवली आणि पावाचं गाठोडं उचलून गुलामांच्या कोठडीकडे निघाला.

रोड्सच्या वाटेवर बार्तोलोने त्याचं जहाज धरलं, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. रेशीम आणि रुमी मस्तकीचा डिंक इथे व्हॅलेटा बंदराच्या वखारीत पडून होता, आणि जहाजावरचा म्हातारा तुर्क, याकुब, गुलाम होऊन बंदरावर दगड वाहत होता. खलाशी कधीच पांगले होते. कायदा साधा होता. माल ख्रिस्ती माणसाचा निघाला तर परत, तुर्काचा निघाला तर पकडणाऱ्याचा. बार्तोलोचं म्हणणं, सगळा माल त्या याकुबचा. हा पोरगा नुसता पुढे केलेला मुखवटा.

शिबेरासांनाही आतून तसंच वाटत होतं. एकदा ते पांतेलीबरोबर कोठडीत गेले होते. म्हातारा बसून खात होता आणि पांतेली त्याच्यापुढे हात बांधून उभा होता. कोणता मुद्दा मांडावा, कोणता सोडावा, हे म्हातारा हळूहळू ग्रीकमधून सांगत होता. परतताना वकिलांनी विचारलं, त्या दिवशी जहाजावर नेमकं काय झालं?

"डेकवर सगळ्यांना उभं केलं. नाव सांगा म्हणाले. मी आधी सांगितलं."

"आणि हा याकुब?"

"त्याने माझ्यानंतर, जे उरलं ते." पांतेलीने रिकामं गाठोडं खांद्यावर टाकलं. "माझी मुलं लहान आहेत, वकीलसाहेब. त्याच्या मागे कुणी नाही."

यापुढे शिबेरासांनी विचारलं नाही. अशिलाचं खोटं आपल्याला ठाऊक नसलेलं बरं, असं ते मानत.

शेवटी बार्तोलोच चुकला. त्याने म्हाताऱ्यालाच साक्षीला बोलावलं. स्वतःचा माल कोण सोडेल, असा त्याचा हिशेब. कोठडीतल्या वर्षांनी म्हातारा वाकला होता. न्यायाधीशांनी त्याच्यासाठी कुराण आणवलं, तर त्याने हात मागे घेतला. शपथ नको म्हणाला, नुसतं सांगतो.

"माल पांतेलीचा आहे. त्यात तुर्काचा एक धागा नाही."

बार्तोलो मोठ्याने हसला. म्हणाला, वकिलाने बुढ्ढ्याला चांगलं पढवलंय. पण न्यायाधीशांना ते पटलं. स्वतःच्या नुकसानीचं बोलणारा माणूस खोटं कशाला बोलेल? रेशमाला कसर लागली होती, मस्तकी बरीचशी खराब झाली होती. जे उरलं ते विकून येईल ते पांतेलीला द्यावं, असा निकाल झाला.

शिबेरासांना आनंद करायचं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं, की पांतेलीने आलेला सगळा पैसा मोजून त्या म्हाताऱ्याला सोडवलं. स्वतःजवळ प्रवासापुरतंही नीट ठेवलं नव्हतं. वकील धक्क्यावर गेले तेव्हा पांतेली म्हाताऱ्याला हाताला धरून होडीकडे नेत होता.

"वेडा आहेस का तू?" शिबेरास त्याला बाजूला घेऊन म्हणाले. "तीन वर्षं घासलीस, आणि सगळं याच्यावर घातलंस?"

"पैसा त्याचाच होता, वकीलसाहेब."

शिबेरासांनी इकडेतिकडे पाहिलं. मग थकलेल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे बार्तोलो खरं बोलत होता."

"नाही. तो खोटंच बोलत होता." पांतेलीने वाकून त्यांचा हात कपाळाला लावला आणि होडीत उतरला.

वकील तटबंदीवर चढले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत एकही अशील जिंकून घरी जाताना त्यांनी पाहिला नव्हता. त्या दोघांना घेऊन एक फ्रेंच जहाज तटाच्या अगदी खालून, सावकाश खुल्या समुद्राकडे निघालं. डेकवर दोघेच एका कोपऱ्यात होते. पांतेलीने बादलीतलं पाणी घेऊन हात धुतले, तोंड धुतलं, पाय धुतले. अंगावरचा झगा फळ्यांवर अंथरला, पूर्वेकडे वळला आणि गुडघे टेकून कपाळ त्यावर टेकवलं.

त्याच्याशेजारी उभ्या म्हाताऱ्याने डोक्यावरचं फडकं काढलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली, ग्रीक रीतीने, आधी उजवा खांदा, मग डावा.