न विंचरलेले वीस दिवस

वच्छलाच्या हातातल्या ताटात हळद होती, कुंकू होतं, नारळ होता. कुंकवात तिचं बोट बुडालेलंही होतं. तेवढ्यात अंगणातून कलाबाई ओरडली, "थांब व! माझ्याबिगर कोनाचं लगन लावून राह्यली?"

वच्छलाचं बोट हवेतच राहिलं.

समोर पाटावर तिची सून दिव्यानी पाठ करून बसली होती. मानेवर केसांचा गोळा, सुगरणीच्या खोप्याएवढा. वीस दिवस तिनं केसांना फणी लावली नव्हती. आज सकाळी सासूनं तिचा पदर सरकवून पाहिलं आणि हातच जोडले. जट! एकदा जटेला हळदीकुंकू लागलं की मग तिला ना फणी लागायची, ना कात्री, अगदी मरेपर्यंत.

"देवी आली घरात," वच्छला म्हणाली. "पाया पड, कलाबाई."

कलाबाई पडली पाया. तिचं काय जात होतं? ती गावची जुनी सुईण. तिनं काढलेल्या पोरांचा तिनंच सांगितलेला आकडा खरा धरला, तर ह्या गावात माणसांना उभ्यानंच झोपावं लागलं असतं. पाया पडून ती उठली मात्र नाही. दिव्यानीच्या मागं फतकल मारून बसली आणि तिनं तो गोळा हुंगला.

"देवीले घामाचा वास येते काय व?"

"कलाबाई!"

"बरं, बरं. काऊन नाई विंचरलं, पोरी?"

दिव्यानी म्हणाली, "फणी लावली का मूठमूठ निघतात जी, आजी. न्हाणीत जाले भेव वाटते. नाई विंचरले तर राह्यतात तरी." मग गोळ्यावर हात ठेवून म्हणाली, "जट तर जट. डोक्यावर तरी राह्यन."

वच्छलानं 'पाहिलं?' अशी मान हलवली. कलाबाईच्या तोंडावरचं हसू गेलं. पण ते तिच्याकडं फार वेळ बाहेर राहत नसे.

"माझे केस कसे होते, ठाऊक हाय तुले?" तिचा आताचा अंबाडा सुपारीएवढा होता. "पहाटे मोह वेचाले गेली. केस मोकळे, खाली टाचेपर्यंत. वाकून वेचून राह्यली, तं अस्वल आलं. मले मागून पाह्यलं, अन् त्याले वाटलं, ही तं आपली बहीण! माझ्या टोपल्यात दोन ओंजळी मोह टाकून गेलं बिचारं."

"मंग?" दिव्यानीनं न राहवून विचारलं.

"मंग पह्यलं पोट्टं झालं. तिसऱ्या महिन्यात असे गळले केस, का अस्वलानं वळखच सोडली. वर्षभरात आले वापस. हे आताचे गेले ते म्हातारपणानं. त्याले ना औषध, ना देवी." तिनं दिव्यानीची मान हलकेच सरळ केली. "तुले पोळ्याले टायफाईड झाल्ता ना?"

"हो जी. तीन महिने झाले त्याले."

"तेच तं. बाळंतीण असो का तापकरी, डोकं तीन महिन्यानं रडते. तवरक तापाची सय कोनाले राह्यते? मंग लोकं देवीचं नाव घेतात."

वच्छलाचा आवाज चढला. "म्हंजे मी खोटी?"

"तू काऊन खोटी? तेल लावून पाहू. खरी देवी मोहाच्या तेलानं सुटन काय? एवढी कच्ची हाय काय आपली देवी? नाई सुटली तं पह्यला नारळ माझा."

नाही म्हणावं तर देवी कच्ची ठरत होती. ताट खाली ठेवून वच्छलाच आत गेली आणि तेलाची शिशी घेऊन आली.

कलाबाईनं टोकाकडून सुरुवात केली. तेल, बोटं, मग लाकडी फणी. पहिल्याच खेपेला फणीत मूठभर केस आले. दिव्यानी किंचाळली आणि तिनं मागं हात नेऊन म्हातारीचं मनगट धरलं.

"पाह्य पोरी, हे आजचे नोहोत. हे कधीचेच सुटून बसले, आत अडकून होते. फणी त्याईले बाहेर आनते, बस."

दिव्यानीनं मनगट धरूनच ठेवलं. कोंबड्या तेवढ्यात सगळं अंगण फिरून आल्या. मग तिनं आपणहून हात सोडला.

ऊन पाटापर्यंत आलं तेव्हा गोळा सुटला होता. दिव्यानीच्या मांडीवर मांजरीच्या पिलाएवढा केसांचा ढीग पडला होता, आणि पाठीवर जी वेणी आली ती करंगळीएवढी. तिनं ती दोनदा चाचपली. तिचे डोळे भरून आले.

कलाबाईनं तिचं बोट धरून कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथं फिरवलं. "काय लागते?"

"...टोचून राह्यलं जी."

"नव्या केसाईचे पऱ्हे हायेत. धानाचे अस्सेच निघतात, पह्यले टोचतात. जास्त चाचपू नको, कोंबड्याईले पत्ता लागन."

दिव्यानी रडता रडता हसली, आणि बोट पुन्हा तिथंच नेलं.

वच्छला सारा वेळ उभीच होती. बोटावरचं कुंकू वाळून गेलं होतं. तिनं ताटातलं ताजं कुंकू बोटावर घेतलं, सुनेच्या मोकळ्या मानेकडं पाहिलं, नारळाकडं पाहिलं. कुठं लावावं ते तिला सुचेना.

मग ती वाकली आणि पाटावर पडलेल्या फणीला तिनं कुंकू लावलं.