निळी चौकट

“तुझी बजेटची शीट तुझ्याशिवाय कुणाला कळते, कापेम्ब्वा? आणि वर कसामाला बदली मागतोस!” लुसाकाच्या कचेरीत मॅडम दरवर्षी हसून म्हणत. तिकडे कसामाला त्याची बायको एकटीच दुसऱ्या बाळंतपणाचे दिवस मोजत होती.

म्हणून त्याने अवघी शीट नव्याने रचली. सारी गृहीतके निळ्या चौकटींत, प्रत्येक सूत्राशेजारी टीप, आणि एक आकडा बदलताच पाच वर्षांचा अंदाज आपोआप बदलावा अशी गुंफण. लुसाकातल्या स्वतःच्या पदापुढच्या निळ्या चौकटीत त्याने हळुवारपणे शून्य लिहिले.

“वा! आता हे शेंबडं पोरही चालवेल,” मॅडम हरखल्या. “पण इतक्या गुणी माणसाला सोडायचं कुणी, बाबा?”



त्यांनी त्या शून्याच्या जागी एक टाकला, आणि पाचही वर्षे क्षणात त्याच्या पगाराने भरून गेली.