खंडूला घरी आणताना

"हे परत द्यायचं. पुढे जागा मिळाली की गाडी वळव," सुधाकर म्हणाला.

पुढे जागा मिळाली, पण वसुंधराने गाडी वळवली नाही. वायोरू गाव मागे पडलं. सुधाकरच्या मांडीवर, जुन्या टॉवेलात, सात आठवड्यांचं काळं पिल्लू कुईकुई करत होतं.

आता राग येणार नाही तर काय होणार? रुआपेहूच्या डोंगरावरचा बर्फ बघायला जाऊ म्हणून पहाटे उठवलं, पाच तास गाडीत बसवलं, आणि नेलं कुठे तर ताइहापेच्या एका मेंढ्यांच्या फार्मवर. फार्मवाल्या बाईने हसत हसत पिल्लू सुधाकरच्याच हातात ठेवलं. बायकोने म्हणे महिन्यापूर्वीच फोन करून ठरवलं होतं. नवऱ्याला विचारायची पद्धत नाही.

"मागे टाक ना याला. मी कशाला धरू?"

"मी चालवतेय ना."

"मग मी चालवतो. तू धर."

"ती बाई काय म्हणाली ऐकलंत ना? पहिल्या प्रवासात ज्याच्या मांडीवर झोपतं, त्याचंच होतं ते."

"मग तुझ्या मांडीवर झोपू दे. कुत्रं तुला हवंय."

वसुंधराने गाडीचा वेग वाढवला. हल्ली ती बोलायचीच नाही. सुधाकरचा राग नाकावर असायचा, हे न्यू लिनच्या त्याच्या फार्मसीतल्या पोरींपासून हिल्सबरोच्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. गेल्या दिवाळीत चकल्या मऊ पडल्या म्हणून त्याने पाहुण्यांदेखत अख्खा डबा कचऱ्यात ओतला होता. आता मऊ चकलीला मऊ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? पण तेव्हापासून बाईसाहेबांनी मौनव्रतच धरलं होतं.

तुरांगीपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा चालू होता. पायाशी कुत्र्याच्या खाण्याची गोणी, त्यामुळे गुडघे अवघडलेले.

"ही डिकीत का नाही ठेवलीस?"

"डिकीत जागा नाही. हॉस्पिटलच्या सेलसाठी द्यायचे कपडे आहेत."

"वर्षभर तेच कपडे घेऊन फिर."

टाउपोच्या तळ्याकाठी पिल्लाने त्याच्या पँटवर शू केली. सुधाकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वसुंधराने गाडी बाजूला घेतली, टॉवेल बदलला आणि पिल्लू पुन्हा त्याच्याच मांडीवर ठेवलं.

"आपला इंद्रनील डुनेडिनला शिकायला गेला म्हणून घर खायला उठतंय, कबूल," तो म्हणाला. "पण म्हणून कुत्रं? तू ड्यूटीवर, मी दुकानात. बघणार कोण याच्याकडे?"

"सवय होते हळूहळू." मग गाडी सुरू करण्याआधी तिने पर्समधून वही काढून दिली. "लिहून घ्या जरा. पुढची लस सोळा तारखेला. दिवसातून चारदा खाणं. व्हेटचा नंबर सांगते."

"तू लिही."

"माझं अक्षर तुम्हाला लागत नाही."

ते खरंच होतं. नर्स झालेल्या बाईचं अक्षर इतकं घाण कसं, हे त्याला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. सुधाकरने औषधाच्या लेबलावर लिहावं तसं सुबक लिहून घेतलं, वर दोन चुका काढल्या.

टिराऊला चहासाठी थांबले. डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, दारात रबरी चपला घातलेली एक म्हातारी पिल्लू बघून विरघळली. नाव काय, म्हणाली. सुधाकर कपाळाला आठ्या घालून उभा होता. नाव नाही म्हणणं बरं दिसेना.

"खंडू," तो म्हणाला.

म्हातारीने तीनदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी चुकली. सुधाकरने तिला 'ख' कसा म्हणायचा ते शिकवलं आणि गाडीत बसल्यावर दहा मिनिटं तिच्या उच्चारांवर चिडला. वसुंधराने पाहिलं, चिडताना त्याची बोटं पिल्लाच्या कानामागे फिरत होती.

हॅमिल्टन येईपर्यंत खंडू गाढ झोपला. सुधाकरचा पाय बधिर झाला, तरी त्याने हलवला नाही. घराअलीकडच्या बॉम्बे हिल्सच्या टेकड्या लागल्यावर मात्र त्याने घसा खाकरला. एव्हाना त्याला स्वतःचाच राग यायला लागला होता.

"राहू दे याला," तो म्हणाला. "पण सोफ्यावर चढता कामा नये."

"नक्की ना?"

"म्हटलं ना एकदा."

"परत पाठवणार नाही, असं म्हणा."

"नाही पाठवणार. आता काय स्टँपपेपरवर लिहून देऊ?"

वसुंधराने लांब श्वास सोडला. कितीतरी महिन्यांनी ती हसली. तिचं हसणं बघून सुधाकरला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तो ट्रॅफिकला शिव्या देत बसला.

हिल्सबरोला पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. तिने गाडी आत घेतलीच नाही, फाटकाशीच थांबवली. इंजिन चालू होतं. सुधाकर एका हातात खंडू, दुसऱ्या हातात गोणी घेऊन कसाबसा उतरला.

"आता कुठे निघालीस? दूध आणणार असशील तर मोठी बाटली आण. याला लागेल."

वसुंधराने काच खाली केली. ड्यूटीला निघताना, भाजीला निघताना, अगदी भांडून निघतानासुद्धा ती बावीस वर्षं दारातून "येते" म्हणत आली होती.

"जाते," ती म्हणाली.