औंदा पाट न्हाई

मल्लेशनं पाण्याचे दोन पेले टेबलावर ठेवले आणि तो तसाच उभा राहिला. अनुपमा त्याच्याकडं पाहत राहिली. डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरत होता, आणि त्या कुरकुरीवाचून खानावळीत दुसरा आवाज नव्हता.

“काय आणू तुमाला?” शेवटी त्यानं विचारलं. जिला जन्मभर ‘ए अक्के’ म्हणून हाक मारत आला, त्या बहिणीला.

“शेवया,” शेजारी बसलेल्या महारुद्रनं सांगितलं. “दोन ताटं.”

इथं थांबायचं त्याच्याच मनात आलं होतं. पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला निघालेली त्यांची गाडी मानवतला आली, तेव्हा अनुपमानं मान खाली घातली होती. “घरात घेणार न्हाईत, माहिताय,” तो म्हणाला होता, “पण खानावळ हाय ती. गिऱ्हाईक म्हणून तर बसू देतील.” आठ महिन्यांपूर्वी, माघात, ती त्याच्याशी लग्न करायला या घरातून निघून गेली होती. तो जातीबाहेरचा होता. त्यानंतर ना फोन, ना निरोप. क्षमा मागायला ती आली नव्हती. कुणीतरी एकदा नावानं हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं.

गल्ल्यावर तिचे वडील बसले होते. गुरुपादअप्पांनी दोघांना आत येताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ते स्वच्छ असलेली काच पुसत होते. त्यांच्या मागं, भिंतीवर, आजोबांची तसबीर होती. तिला ताजा हार होता. आत चुलीपाशी कोण होतं ते दिसत नव्हतं. दारावरचा पडदा हलत नव्हता.

ताटं आली. शेवया, वर गुळवणी. अनुपमानं एक तार बोटावर उचलली आणि तिचा हात तिथंच थांबला.

तार या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची होती. यंत्राची. आईच्या शेवया अशा नसत. तळहाताचा दाब जिथं ओसरे तिथं ती तार किंचित जाड होई, पुन्हा बारीक होई. जणू वळणारीचा श्वास तिच्यात उतरलेला असे. दर चैत्रात भिंतीला तिरका पाट लावून आई शेवया वळायची आणि खाली सुटणारी तार अनुपमा झेलायची. साठ वर्षं लोक वाट वाकडी करून या पाटावरच्या शेवयांसाठी इथं येत होते. विकतची शेवई या चुलीवर एकदाच शिजली होती, आजोबा गेले त्या वर्षी. त्यांच्यात सुतक पाळत नसत. पण घराचा एक नेम होता: घरातलं माणूस गेलं, की वर्षभर पाट मांडायचा नाही.

“अप्पा!” पलीकडच्या टेबलावरून बन्सीधर ओरडले. कापसाच्या हंगामात बोरीहून वर्षाला एकदा येणारं हे जुनं गिऱ्हाईक. “औंदा शेवया लय शिस्तीच्या झाल्यात बुवा! कवायतीला उभ्या केल्यावानी!”

“औंदा पाट न्हाई,” अप्पा म्हणाले. मान वर न करता.

बन्सीधरांनी हसू गिळलं आणि ते ताटात पाहू लागले.

तिला धरून घरात माणसं चारच. अप्पा समोर होते. मल्लेश समोर होता. अनुपमाचं मन पडद्यामागं धावत गेलं आणि त्याला तिथं कुणीच सापडेना.

“झेलायला कुणी नसेल, म्हणून मांडला नसेल,” महारुद्र हळूच म्हणाला. तिनं ते वाक्य बुडत्यासारखं धरलं. मल्लेश चटणी वाढायला आला.

“मल्लेश, तार झेलायला कुणी न्हवतं का रे?”

“शेजारच्या चतुराबाईची सून येते म्हणली होती की.” चमचा ताटावर थांबला. “ते कारण न्हाई.”

“मग आई कुठंय?”

मल्लेशनं गल्ल्याकडं पाहिलं. काचेवरचं फडकं थांबलं होतं.

म्हणजे झालं. कधीतरी चैत्राच्या आधी झालं, आणि कुणी कळवलं नाही. खड्ड्यात लोटायची मूठभर मातीसुद्धा तिच्या वाट्याला येऊ दिली नाही. महारुद्र तिला काही विचारत होता. तिला ते ऐकू येत नव्हतं.

पडदा हलला.

चन्नबसम्मा बाहेर आली. वाळली होती, केस पिकले होते, पण तीच होती. तिच्या हातात तुपाची वाटी होती. ती सरळ टेबलापाशी आली आणि अनुपमाच्या ताटात तिनं धार धरली. शेवया भिजल्या, बुडाल्या, तरी धार थांबेना.

“आई!” अनुपमानं तिचं मनगट घट्ट धरलं. ती एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. “पाट न्हाई म्हणले अप्पा... मला वाटलं, तूच...”

मनगट ऊबदार होतं. बोटांखाली नाडी चालत होती. ती ऊब अंगभर पसरेपर्यंत अनुपमा तशीच बसली. मग तिची नजर गल्ल्याकडं गेली, मल्लेशकडं गेली, आईकडं परतली, आणि चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलं.

“मग आपल्यातलं गेलं कोण, आई?”

चन्नबसम्मानं तिच्याकडं पाहिलं. भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीकडं पाहावं, तसं. मग लेकीचं एकेक बोट सोडवून तिनं आपलं मनगट मोकळं केलं, आणि ती पडद्याआड निघून गेली.