कुत्र्याचं पान

बाबांच्या तेराव्याला गुरुजींनी जेवणाआधी तीन पानं काढायला सांगितली: गाईचं, कावळ्याचं, कुत्र्याचं. तिसरं पान घेऊन दादा फाटकाशी ‘यू यू’ करत उभा होता. एकही कुत्रं फिरकेना.

“भुऱ्या कुठाय?” मी विचारलं.

“सकाळीच शेल्टरला पाठवला. बाबांनी रस्त्यावरून उचललेलं म्हातारं कुत्रं, आता कोण करणार त्याचं?”

बाबांच्या आजारपणात भुऱ्या पलंगाखालून हलला नव्हता. दादा तेव्हा फिरकलाही नव्हता.

मी त्याच्या हातातलं पान घेतलं आणि गाडीकडे निघाले.

“अगं, कुत्र्यानं खाल्ल्याशिवाय पंगत बसणार नाही!”

“ठाऊक आहे. भुऱ्याला सोडवते, कायमचा माझ्या घरी नेते आणि तिथेच वाढते. तोवर बसा सगळे उपाशी. तो जेवला की फोन करते.”