चित्राहुती

जेवायला बसल्यावर फिलोमिनाच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या कृत्रिम उजव्या हातातल्या झडपा टकटकल्या. हाताने ताटाभोवती पाणी फिरवलं आणि बाजूला भाताची शितं ठेवली.

“आपल्यात हे कधीपासून?” नवऱ्याने, पास्कलने विचारलं.

“मी नाही करत. हात करतोय.”

दुरुस्तीवाला आला. “झडपा उघडते ती ही एवढीशी चिप. हा हात आधी ज्याचा होता त्याची आहे, त्याची सवय राहिलीय. पुसून टाकतो.”

चिप कोरी झाली.

दुसऱ्या दिवशी यंत्राचा हात मांडीवर गप्प पडून होता. फिलोमिनाने डोळे मिटून येशूची प्रार्थना म्हटली. डोळे उघडले, तर ताटाभोवती पाणी होतं, बाजूला शितं होती.

तिचा स्वतःचा डावा हात ओला होता.