विसाव्या धाग्याची ओढ

या मायबापहो, जवळ सरकून बसा. एका दमलेल्या हाताची गोष्ट सांगतो.

घोंगडी विणायच्या वर्गात आठ वर्षांच्या इरापासून सत्तरीच्या पोपटरावांपर्यंत सगळे हातमोजे घालून मागावर बसले होते. मोज्यांत यंत्राने जुन्या विणकर हौसाबाई सणगरांच्या हातांची सवय भरलेली होती. मोजा नेईल तिकडे हात जायचा. पण दर विसाव्या धाग्याला सगळ्यांचे डावे हात बाजूला जाऊन हवेतच काहीतरी ओढायचे.

"आजी, हे काय ओढतोय आपण?" इराने विचारलं.

"मला वाटलं, माश्या हाकलतोय," पोपटराव हसले.

भिंतीला टेकलेल्या हौसाबाई म्हणाल्या, "पाळण्याची दोरी हाय ती. मागाशेजारी माझी बनी निजायची तितं. सा म्हैन्यांची गेली. चाळीस वर्सं झाली, पण हात काय ऐकत न्हाई." मग त्या मोज्यांच्या यंत्रापाशी बसलेल्या तंत्रज्ञाकडे वळल्या. "पुसून टाक बाबा मोज्यातलं तेवढं. दमले मी."

त्याने यंत्राकडे हात नेला.

"थांब रे!" पोपटराव म्हणाले. "हौसाबाई, तुम्ही पडा जरा. आम्ही एवढी माणसं आहोत की पाळणा हलवायला."

हौसाबाई आडव्या झाल्या आणि 'पांडुरंगा' म्हणत त्यांनी जरा डोळे मिटले. विसावा धागा आला आणि सगळे हात हळूच बाजूला गेले.

मायबापहो, घोंगडी अंगावर घ्याल तेव्हा बनीची आठवण ठेवा.